दसऱ्यापर्यंत एक जोड

ता. २ सप्टेंबर १९५७, सोमवार

मोहनसिंग म्हनते, रोज काय चुकलं ते लिहून ठेव अन् दुसऱ्या दिवशी मले वाचून दाखव. मी म्हटलं, एवढ्या चुका मावाले वही कुठून आनू? तो काही हासला नाई. मंग बियाच्या दुकानातून दरसाल फुकट भेटते ती डायरी काढली. चुका तेवढ्या वाचून दाखवीन. बाकीचं माह्यं मले.

आमच्या घरचे कापसाच्या जिनिंगमधी फिटर होते. एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यायनं वेल्डिंगचा जुना सेट आनला अन् मळ्याच्या तोंडाशी, वाशीमच्या सडकेले लागून, टिनाचं शेड टाकलं. कार्बाइडचा डबा, ज्यात पानी पडलं की गॅस होते, माह्या उंचीची ऑक्सिजनची बाटली, दोन रबरी पाइप, जिच्या तोंडाशी ज्योत निंघते ती पितळेची बत्ती अन् काया काचाचा चश्मा. दोन वर्सं झाले, ते तापानं गेले. तवापासून शेडले कुलूप.

आता धाकटे दीर गुलाबराव म्हनतात, इकून टाकू.

"वयनी, ते सामान कायले सांभाळता? उभ्या उभ्या जंगून राह्यलं."

"जंगून तर तुमीही राह्यले भाऊजी. जिजाबाईनं इकलं काय तुमाले?"

जिजाबाई, माही जाऊ, वांगे निवडत होती. तिनं पदरात तोंड खुपसलं. पन गुलाबराव हट्टाले पेटला. अकोल्याचा लालसिंग मिस्त्री दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सेट न्याले येनार, असं ठरवूनच आला होता.

मंग मीही बोलून बसली. आपल्या इंजिनाच्या पंपाचा पाइप वाकनावर फुटला आहे. आता पावसानं काम चाललं, पन दसऱ्यानंतर कोबीले पानी कुठून देसान? तो पाइप मी जोडतो की नाई ते पाहा. जोडातून पानी गयलं तर सेट लालसिंगले. नाई गयलं तर सेट माह्या शेडमधी.

"तुमाले येते काय जोडता?"

"दसरा कुठं उद्या आहे?"

खरं लिहाचं तर येत नाई. ह्यायच्या हाताखाली कार्बाइड फोडून द्याची, डब्यात पानी टाकाची, पाइप धराची. बत्ती हातात कधी भेटली नाई.

ता. ३ सप्टेंबर, मंगळवार

मोहनसिंग कोन ते काल राह्यलं. आमची भाजी बाजारात नेते ती सुंदरबाई, तिचा बाप. मानोऱ्याकडच्या तांड्यातला. लढाईच्या वक्ताले लष्कराच्या कारखान्यात वेल्डर होता. आता पोरीपाशी राह्यते. सुंदरबाई म्हने, "घेऊन जा व माय त्यायले, दिवसभर बाजीवर बसून मले शिकवतात भाकर कशी थापाची." ती रोज त्याले हाताले धरून शेडच्या दारापर्यंत आनून सोडते. एवढा मोठा लष्करातला गडी, अन् पोरगी शाळेत पोचवल्यावानी पोचवते.

आज बत्ती पेटवली. आधी नुसता गॅस, त्याचा काया धूर. सारं शेड काजयानं भरलं. मंग ऑक्सिजन सोडला तर फट्! बत्ती इझली. मी उडी मारून बाहेर.

"कुठं गेली?" तो म्हने.

"हवा खाले."

"हवाच जास्त झाली होती. आत ये."

तीन वेळा फट् झालं. चौथ्यांदा ज्योत निळी झाली अन् तिच्या मुयाशी मोगऱ्याच्या कयीसारखी पांढरी कयी उभी राह्यली. त्यानं मान हालवली. "आता बरी वाजून राह्यली," म्हने. वाजून? ज्योत काय ढोलकी आहे?

ता. ६ सप्टेंबर, शुक्रवार

जोडात भराची तार नाई, जोड नाई, नुसता पत्रा वितयवून त्याचं तयं पुढं पुढं न्याचं. मले वाटलं सोपं. पत्र्याले सात भोकं. जिजाबाई म्हने चायनी झाली, रवा चाळू.

मोहनसिंग माह्याकडं पाह्यतच नाई. भिंतीकडं तोंड करून बसते अन् तिथूनच बोलते. "हात थांबला तुहा." "जवय गेली." "कयी पत्र्यापासून ज्वारीच्या दान्याएवढी दूर ठेव, बुडवू नको." त्याले मांगून काय दिसते देव जाने. विधवा बाईकडं पाहू नये असं कोनी शिकवलं असन. आज मी त्याच्यासमोर जाऊन जीभ काढली, डोये फिरवले, नाकाचा शेंडा वर केला. गड्याच्या मिशीचा केसही हालला नाई. लष्करात मानसायचा दगड करतात वाटते.

(हे वाचून दाखवाचं नाई.)

ता. ९ सप्टेंबर, सोमवार

आज चार भोकं.

ता. १४ सप्टेंबर, शनिवार

दोन पट्ट्या जोडाले दिल्या. एका टोकापासून सुरू केलं तर दुसरं टोक कैचीसारखं उघडत गेलं. मधी बोटभर फट. मले राग आला. पट्टी फेकून दिली तर ती बकरीजवळ पडली.

"गोधडी कशी शिवतं?" मोहनसिंगनं इचारलं.

"सुई दोऱ्यानं."

"आधी काय करतं?"

आधी मोठे मोठे टाके घालून थर टाचून घेतो, नाई तर सरकतात. हे मले याच्या तोंडून कायले आयकाव लागते? वीस वर्सं गोधड्या शिवल्या. पट्टीले चार जागी टाचून घेतलं, मंग जोडलं. फट नाई पडली. जोड मातर गांडुळानं माती टाकल्यासारखा, कुठं ढीग, कुठं काही नाई.

तो जोडावर आधी हात धरते, तवा तापला काय पाह्यतो तसा, मंग अंगठा फिरवते, इकून तिकून. म्हने, "इथं तारेची घाई केली. इथं तू दुसरीकडं पाह्यलं."

खरं होतं. तवा सडकेनं जिनिंगच्या गाड्या चालल्या होत्या.

ता. १५ सप्टेंबर, रविवार

इतवार. बाजार. वांगे, मिरच्या, सांबाराच्या हिरव्या जुड्या. बोटं काये म्हनून एका बाईनं सांबार घेतला नाई. मी म्हटलं, रंग पक्का आहे, तुमच्या जुडीले लागत नाई.

ता. २० सप्टेंबर, शुक्रवार

आज भांडन.

चश्म्यातून मले सारं बोगद्यात घुसल्यावानी दिसते. म्हनून मी चश्मा डोक्यावर चढवला अन् तशीच बत्ती धरली. जोड एकदम साफ दिसला. बरा चालला होता म्हनून मी म्हटलं, "उस्ताद, चश्म्याबिगर हात कसा चालते पाहा."

तो उठला. इतका जोरात की स्टूल पडलं. बाटलीची चावी हातानं चाचपून बंद केली अन् म्हने, "चश्मा नसन तर बत्ती नाई. आजपासून नाई. कधीच नाई."

"अवो, जरासं—"

"मीही जरासंच म्हनत होतो."

अन् तनतनत निंघाला तर दाराच्या खांबाले धडकला. मले हासू आलं. रागात मानसाले समोरचा खांबही दिसत नाई.

दुपारून मीच सुंदरबाईकडं गेली. म्हटलं, सांग तुह्या बाले, कस्तुरा चश्मा लावून झोपते आता. सुंदरबाई हासली नाई. म्हने, "लावत जा व मावशी." डोये चुरचुरून राह्यले, हे तिले सांगितलं नाई.

ता. २१ सप्टेंबर, शनिवार

उस्ताद आला. मी चश्मा लावला. डोये अजून लाल.

ता. २५ सप्टेंबर, बुधवार

घट बसले काल. जिजाबाईचे उपास, मले दुप्पट काम. तरी दोन तास भेटले.

आता हात मनाबिगर चालाले लागला. तयं होते, तारेचं टोक बुडवाचं, काढाचं, पुढं. बुडव, काढ, पुढं. जातं वढतानी जसं एका हातानं दाने टाकत राह्यतो अन् दुसऱ्यानं दांडा फिरवत राह्यतो, तसंच. मी हे मोहनसिंगले सांगितलं तर म्हने, "हे लिहून ठेव."

मंग मी गंमत केली. त्याले आजचा जोड दिला. त्यानं अंगठा फिरवून म्हटलं, ठीक. मंग परवाचा, फसलेला दिला अन् म्हटलं हा आताचा. त्यानं अंगठा फिरवला.

"हा सोमवारचा."

"कशावरून?"

"याच्यात तुही जाऊ बोलून राह्यली होती."

होती. वांग्याच्या भावावरून. हा मानूस आहे की पंचांग?

ता. २९ सप्टेंबर, रविवार

पत्रा येगळा अन् पाइप येगळा. पाइप गोल. वरून जोड सोपा, बाजूले वितयलेलं लोखंड खाली ओघयते अन् पोटाखाली तर आपल्याच हातावर पडते. जुन्या पाइपाचा तुकडा घेतला. वरून चांगला, खालून दात पडलेल्या म्हातारीवानी.

मोहनसिंग म्हने, पाइप फिरव, तू नको फिरू. एका जागी बसून पाइपच थोडा थोडा फिरवत नेला तर बरं जमलं. पन इंजिनाजवळचं वाकन आहे ते इळ्यासारखं. ते कसं फिरवाचं?

गुलाबराव आज तीनदा शेडवरून गेला. एकदा भिजलेलं पोतं टाकून गेला, एकदा रेतीची बादली, एकदा नुसताच उभा. मी म्हटलं, "भाऊजी, सामान मोजून राह्यले काय? लालसिंगले सारं भेटन." तो डब्याच्या अन् माह्या मधी येऊन उभा राह्यला. माह्या उजेडात. म्हटलं, सरका.

ता. २ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. घरातल्या साऱ्या हत्यारायची पूजा. इळे, कुऱ्हाडी, पावडे, नांगराचा फाळ, इंजिन, सारं धुतलं, तेल लावलं, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मंग मी म्हटलं, माह्या शेडनं काय पाप केलं? दोन वर्सात तिथं कोनी कुंकू लावलं नाई.

डबा घासला. बत्ती राखेनं चमकवली. बाटलीले झेंडूचा हार. तिचं वरचं पितळी तोंड कोरडं ठन्न, त्यावर दाबाचा मीटर बसवतानी नेहमी कुरकुर करते. मीटर काढून आट्यायले बोटानं जवसाचं तेल लावलं, चावीच्या दांडीलेही. मीटर पुन्हा फिरवला तर लोन्यात फिरल्यावानी बसला. दोन वर्सात कोनाले सुचलं नाई. उद्या जोड. उद्या पानी.

ता. ३ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आज जोड झाला नाई.

मोहनसिंग आपट्याचे पानं घेऊन आला. "सोनं घ्या," म्हने. मी घेतलं. गुलाबराव, जिजाबाई, सारे शेडपाशी. मी चश्मा लावून बाटलीच्या चावीले हात घालनार तेवढ्यात त्यानं दारातूनच नाक वर केलं.

"तेलाचा वास कुठून येऊन राह्यला?"

"पूजेचा. काल तेल लावलं."

"कशाले?"

"साऱ्याले. बाटलीच्या तोंडालेही. कशी मऊ—"

"हात काढ! मांगं हो! कोनी चावीले हात लावू नका!"

असा आवाज मी त्याचा आयकला नव्हता. बकरी पयाली. मी मांगं झाली.

मंग त्यानं सांगितलं. ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल आलं की आगपेटीबिगर पेटते, बाँबसारखं. त्यायच्या कारखान्यात एका हवालदारानं ग्रीसच्या हातानं मीटर बसवला होता. "त्याचा हात भेटला नाई," म्हने. मंग खाली बसला. "चूक माही. बाकी सारं सांगितलं अन् हे नाई सांगितलं. मले वाटलं हे कोनालेही माहीत असते."

मी म्हटलं, आमाले हे माहीत असते की हत्याराले तेल लावाचं.



ता. ४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकायी लालसिंग मिस्त्री आला. पांढरं धोतर, कोट, काखोटीत छत्री. गुलाबराव म्हने, "वयनी, दसरा गेला."

मले एकच इचार. गप राह्यली तर बाटली लालसिंगच्या गाडीत जाईन, अन् अकोल्यात कोनी चावी फिरवन. सांगितलं तर माही फजिती, गावभर. मी काही पुण्यवान बाई नाई. घडीभर गप राह्यली. मंग गाडीवान बाटलीले मिठी मारून उचलाले लागला. हसरा मानूस होता, तंबाखू चोळत आला होता.

"ठेव ते खाली," मी म्हटलं. अन् सारं सांगितलं.

लालसिंगचा रंग उडाला. तो काम जाननारा, त्याले समजलं. "तेल? अन् तसंच उचलाले लावता मले?" गाडीवान तवापर्यंत सडकेवर पोचला होता. लालसिंग म्हने, मी काम आहे म्हनून वाशीमले दोन दिवस राह्यतो. बाटली साफ करून, चालवून दाखवा. नाई तर डबा-बत्ती नेईन, बाटली तुमची. मी म्हटलं, चालवतो तर पाइपावरच चालवून दाखवतो, शर्त तीच.

गुलाबराव मले म्हने, "गप बसल्या असत्या तर?"

"तर सेट गेला असता अन् तुमी सुटले असते," मी म्हटलं.

तो माह्याकडं पाह्यत राह्यला. त्याले सौदा हुकल्याचं दुःख.

दिवसभर सोडा अन् साबन, कडक पान्यानं, तोंड, आटे, चावी, मीटर. तीनदा. दर वेळी मोहनसिंग हुंगते अन् म्हनते, अजून आहे. चौथ्यांदा म्हने, नाई. मीटरच्या आतून हुंगलं, तेल आत गेलं नव्हतं. सारं उन्हात ठेवलं.

ता. ६ ऑक्टोबर, रविवार

सारं लिहितो, नाई तर इसरून जाईन.

बाटली मळ्याच्या मधी नेऊन उभी केली. मोहनसिंग म्हने, पह्यली चावी मी उघडीन. तुमी सारे बांधाच्या पलीकडं.

मी म्हटलं, तेल मी लावलं, चावी मी उघडीन.

"तुले पुढं काम कराचं आहे. मले बसाचं आहे."

"अन् काही झालं तर? तोंडावर, डोयात—"

"डोयात काय राह्यलं आता जाले?"

मले समजलं नाई. सुंदरबाई माह्या बाजूले उभी होती, ती रडाले लागली. मंग समजलं. खांब, भिंत, अंगठा, पोरीचा हात. सारं एकदम. सुंदरबाई म्हने, चार वर्सं झाले, त्यायले उजेड-अंधार तेवढा समजते. चश्म्याबिगर काम केलं लढाईत, घाई होती म्हनून.

अन् मी महिनाभर त्याले तोंडं वेंगाडून दाखवत होती.

बांधाच्या मांगं गेलो. गुलाबरावनं मले कोपराले धरून मांगं वढलं अन् सोता पुढं उभा राह्यला. चांगली जागा पकडाची त्याची जुनी सवय. मोहनसिंग बाटलीच्या बाजूले, तोंड फिरवून उभा. चावी केसाएवढी फिरवली. फुस्स. आनखी थोडी. फुस्स. बाकी काही नाई. मळ्यात एक टिटवी तेवढी बोलून राह्यली होती.

तो म्हने, "ये. भूक लागली मले."

पाइप जागेवरच जोडाचा होता. आधी गंज खरडला, चार जागी टाचलं. वरचं झालं. बाजूचं झालं. खालचं पोटावर झोपून. मोहनसिंग जवळ बसून आयकत होता. एकदा म्हने, "उजेड कसा आहे?" मी म्हटलं, आहे. मंग मी तोंड पुसत त्याले म्हटलं, उस्ताद, ते तोंड वेंगाडलेलं माफ करा.

"मले माहीत होतं."

"कसं?"

"तू तोंड वेंगाडलं की बत्तीचा आवाज हालते."

मी मेली लाजेनं. पन हात हालू देला नाई.

इंजिन सुरू केलं. पानी आलं, वर चढलं, वाकनाशी पोचलं अन् एक बारीक पिचकारी सूं करून निंघाली ती थेट लालसिंगच्या धोतरावर. जिजाबाई नको तिथं हासली. लालसिंग म्हने, "झालं."

गुलाबराव म्हने, "झालं, वयनी."

"इंजिन बंद करा," मी म्हटलं.

"ठरलं होतं की गयलं तर—"

"आज दसरा नाई अन् लालसिंग मिस्त्री गाडीत बसले नाई. बंद करा."

पानी उतरू देलं. पाइप पुसला, बत्तीनं सुकवला. भोक खालून होतं, राळ्याच्या दान्याएवढं. तिथलं जुनं खरडून काढलं. मोहनसिंग म्हने, "कस्तुरा, तिथं—"

"उस्ताद, गप बसा."

 मी तयं केलं, तार बुडवली, काढली, पुढं. एवढंच.

दुसऱ्यांदा पानी चढलं. पह्यल्या वाफ्यात पोचलं. दुसऱ्या. गुलाबरावनं वाकनाखाली हात धरला. किती तरी वेळ धरून राह्यला. हात कोरडा.

लालसिंगनं जोड पाह्यला. म्हने, "माह्या दुकानातला मानूस यापेक्षा चांगला करते." मंग धोतर पिळत म्हने, "पन गयत नाई, हे खरं." छत्री घेतली अन् निंघाला.

गुलाबराव मोहनसिंगले म्हने, "तुमी रोज येत जा. एकटीले नका सोडू तिथं." मले वाटलं होतं, आतातरी म्हनन की वयनी शाबास. पन त्याच्या हातून शाबासकीही फुकट सुटत नाई.

मोहनसिंग म्हने, "लोकं काय म्हनतीन? बाईच्या शेडमधी रोज."

मी म्हटलं, "म्हनतीन, आंधळ्याले विधवा दिसत नाई, काय चिंता?"

तवा पह्यल्यांदा तो हासला. दात चांगले आहेत त्याचे.

ता. ११ ऑक्टोबर, शुक्रवार

कोबीले दुसरं पानी.

आसेगावचा एक मानूस दोन फाळ घेऊन आला. एकाचं टोक तुटलं, एकाले चीर. मोहनसिंगले ताप आहे, तो आला नाई. टोक जमलं. चीर वरून छान बुजली, त्या मानसालेही पसंत पडली. तो खांद्यावर टाकून निंघाला होता.

पन मले तिच्यात एक जागा दिसली. वरून चमकत होती, आत पकडलं नव्हतं.

मी त्याले बलावलं. म्हटलं, आना इकडं, फसला आहे तो.

"कोन म्हनते?"

"मीच."

घन घेऊन तो जोड फोडला अन् पुन्हा जोडाले बसली.